लेस, खडी आणि सातबारा: एका अभ्यासविषयाची कुळकथा

आपल्या मंडळातल्या मुलांच्या शिक्षणाच्या गप्पा इतकी वर्षे तीन-चार शब्दांत आटोपत असत: मेडिसिन, इंजिनिअरिंग, अकाउंटन्सी, फार तर कायदा. अलीकडे मात्र दर वर्षी एखादे तरी घर असे निघते, की तिथली मुलगी (क्वचित मुलगाही) 'जेंडर अँड इंटरनॅशनल डेव्हलपमेंट' या विषयात एम. ए. करणार असल्याचे जाहीर करते. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर, मुले शाळेत असताना, इथल्या एका विद्यापीठात हा अभ्यासक्रम केला. त्यामुळे चिंतातुर आईबाप माझ्याकडे चौकशी करतात. प्रश्न ठरलेले असतात. हे नेमके असते काय? नोकरी कुठे मिळते? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून: हे गोऱ्यांचे फॅड तर नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चहाच्या कपाबरोबर देता येतात. तिसऱ्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो आणि तो सांगताना पुणे, शहादा, चांदवड अशी गावे वाटेत लागतात. म्हणून हा लेख.

विषयाची सुरुवात साधारणपणे १९७० सालापासून धरतात. त्या वर्षी एस्टर बोसेरूप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंचे 'वुमन्स रोल इन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बोसेरूपबाई १९५७ ते १९६० या काळात पतीसह भारतात राहिल्या होत्या. गुन्नार मिर्डाल यांच्या आशियाविषयक मोठ्या अभ्यासप्रकल्पासाठी त्या आल्या होत्या. पुढे त्यांनी आफ्रिकेतही काम केले. दोन्हीकडची शेती पाहिलेल्या माणसालाच सुचावा असा त्यांचा मुद्दा होता. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत कुदळीने फिरती शेती होई आणि ती मुख्यतः बायका करीत. जिथे नांगर आला तिथे शेती पुरुषाची झाली. वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी मात्र आपल्या देशातला शेतकरी पुरुष असतो, म्हणून इथलाही पुरुषच असणार असे धरून चालून नगदी पिकांचे प्रशिक्षण, नवी अवजारे आणि जमिनीचे कागद पुरुषांच्या हाती दिले. विकास आला की बाईचे आपोआप भले होते, हा समज या पुस्तकाने मोडला. गोऱ्यांचे फॅड म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की या विषयातला पहिला आरोप गोऱ्या साहेबावरच होता.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. १९७३ मध्ये अमेरिकेत सिनेटर चार्ल्स पर्सी यांच्या दुरुस्तीमुळे परदेशी मदतीत स्त्रियांचा विचार करणे कायद्याने आवश्यक ठरले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झाले, मेक्सिको सिटीत परिषद भरली आणि नंतरचे दशक महिला दशक म्हणून जाहीर झाले. परिषदांचा इतिहास सांगण्यात मला फारसा रस नाही. ठराव पास होतात, फोटो निघतात. या वर्षाचा खरा उपयोग झाला तो भारत सरकारने त्याआधी नेमलेल्या एका समितीमुळे.

ही समिती १९७१ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. नाव 'टुवर्ड्स इक्वॅलिटी'. अध्यक्षा फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. स्वातंत्र्यानंतर शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या या स्त्रियांना वाटत होते की देशातल्या बाईची स्थिती सुधारत चालली आहे. त्यांनी जनगणनेचे तक्ते उघडले, तेव्हा दिसले की १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या आणि १९७१ मध्ये ९३०. सत्तर वर्षे जवळजवळ सतत घसरण. शेतीबाहेरच्या कामांतूनही बायका हटत चालल्या होत्या. या अहवालानंतर भारतात स्त्री-अभ्यास हा विषय उभा राहिला. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठात, म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या विद्यापीठात, नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. तिथेच १९८१ मध्ये देशातली पहिली स्त्री-अभ्यास परिषद भरली. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत तेव्हा या विषयाचा पत्ताही नव्हता.

समितीतले एक नाव मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे: मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे, गायिका आणि संगीतशास्त्रज्ञ सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या भगिनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भलिंगनिदानावर वाद पेटला, तेव्हा काही विद्वान मागणी-पुरवठ्याच्या हिशेबाने म्हणत होते, की मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल. लीलाताईंनी नातेसंबंधांच्या आपल्या अभ्यासातून उलट सांगितले: बायका दुर्मिळ झाल्या तर त्यांच्यावरचे अत्याचार वाढतील. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या चाचण्यांविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. हरियाणात दूरदूरच्या राज्यांतून पैसे देऊन नवऱ्या आणल्या जाऊ लागल्या, त्यांची किंमत कशी 'वाढली' ते वर्तमानपत्रांत आले. अर्थशास्त्राचा तक्ता आणि घरातली सासू यांच्यातला फरक ज्याला कळतो, त्याला हा विषय कळला असे मी मानते.

आता पुण्याकडे वळू. १९६० च्या दशकात तिथल्या गटे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या मॅक्समुल्लर भवनात, मारिया मीस नावाच्या एक जर्मन शिक्षिका जर्मन शिकवत होत्या. हे विद्यार्थी जर्मन शिकायला का येतात, अशी उत्सुकता त्यांना वाटली. मुलांचे उत्तर सरळ होते: जर्मनीत जाऊन इंजिनिअरिंग शिकायचे. मुलींच्या बाबतीत मात्र असे निघाले, की शिकत आहे म्हटले की लग्न थोडे लांबणीवर टाकता येते. पुण्याच्या सुशिक्षित घरांत वाढलेल्या आपल्यापैकी कोणाला याचे नवल वाटणार नाही, पण मीसबाईंना वाटले आणि त्यांनी मायदेशी जाऊन भारतीय स्त्रिया आणि पितृसत्ता यावर प्रबंध लिहिला. म्हणजे या विषयातल्या एका प्रमुख विदुषीची पहिली शाळा पुण्यातल्या लग्नाळू मुलींनी चालवली.

त्यांचा पुढचा अभ्यास अधिक गाजला. आंध्रातल्या नरसापूर भागात बायका घरी बसून क्रोशाने लेस विणत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणलेली ही कला. माल परदेशी जाई, व्यापारी श्रीमंत होत. बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत आणि किमान वेतनाच्या कितीतरी खाली कमावत. पण व्यापारी, सरकार आणि घरचे पुरुष सगळे एकमुखाने म्हणत, की या कामगार नव्हेत, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. मीसबाईंचे म्हणणे असे, की 'गृहिणी' ही उपाधी लावल्यामुळेच त्यांना इतकी कमी मजुरी देता येत होती. हे पुस्तक १९८२ मध्ये आले. दरम्यान १९७९ मध्ये त्या हॉलंडमध्ये हेगच्या इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये गेल्या आणि तिथे 'स्त्रिया आणि विकास' हा अभ्यासक्रम त्यांनी उभा केला. तिसऱ्या जगातल्या कार्यकर्त्या स्त्रियांना पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी तो एक. २०२३ मध्ये मीसबाई गेल्या.

इंग्लंडमध्ये याच सुमारास ससेक्सच्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये १९७८ साली एक परिषद झाली. इथल्या अभ्यासक स्त्रिया एका शब्दावर अडून बसल्या, तो म्हणजे 'कुटुंब'. अर्थशास्त्र कुटुंबाला एकच माणूस समजते: एक कमाई, एक खर्च, एक मत. अ‍ॅन व्हाइटहेड यांनी दाखवले की घरात पैसा कोणाच्या हातात येतो आणि तो कशावर खर्च होतो, यावर सतत वाटाघाटी चालू असतात. आपल्याकडे नवऱ्याचे खाऊन झाल्यावर उरलेले खाणाऱ्या आजीला हे कोणी समजावायला नको होते, पण योजना आखणाऱ्यांना समजावणे भाग होते. 'स्त्रियांना विकासात सामील करून घ्या' इथून चर्चा 'स्त्री-पुरुषांमधले संबंध तपासा' इथवर आली आणि अभ्यासक्रमांच्या नावांत 'विमेन'च्या जागी 'जेंडर' शब्द आला, तो या परिषदेच्या आसपासच्या विचारांमुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ससेक्स आणि इतर ब्रिटिश विद्यापीठांत या विषयाच्या एम. ए. पदव्या सुरू झाल्या.

माझ्या वर्गात आम्ही निरनिराळ्या देशांतल्या बायका होतो. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापिकेने फळ्यावर तीन अक्षरे लिहिली: ई. जी. एस. आणि विचारले, याविषयी कोणी ऐकले आहे का. ही आपली रोजगार हमी योजना. मी सांगली जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. रस्त्याच्या कडेला ओळीने बसून खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर पदर, मांडीशी तान्हे पोर, मुलांना वाटली जाणारी सुकडी, घरोघरची लाल मिलो ज्वारी हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले. त्या बाया एका इंग्रजी वाचनयादीत, आठवड्याच्या अनिवार्य वाचनात भेटतील असे वाटले नव्हते.

योजना खरोखरच जगात वेगळी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. दुष्काळी कामांच्या अनुभवातून ती वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. गावातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते देणे सरकारवर बंधनकारक. पैसा कुठून आला, हे मुंबईत नोकरी केलेल्या वाचकांना सांगायला नको: पगाराच्या कागदावर 'पी. टी.' म्हणून जो व्यवसाय कर कापला जाई, तो १९७५ मध्ये मुख्यतः याच कामासाठी बसवला होता. शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या मजुराला दिलेली ही वर्गणी आपल्यापैकी अनेकांनी नकळत भरली आहे.

पण जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष गेले ते मस्टरवरच्या नावांकडे. सरकारने योजना 'मजुरां'साठी केली होती. बायकांसाठी म्हणून नव्हे. तरी कामावर येणाऱ्यांत चाळीस टक्के, काही ठिकाणी त्याहून अधिक बायका निघाल्या. देवकी जैन यांनी १९७९ मध्येच याचा अभ्यास केला. कारणे साधी होती. काम गावाजवळ मिळे, त्यामुळे घर सांभाळून जाता येई. मजुरी कामाच्या मोजमापावर होती, त्यामुळे तेवढ्याच मातीला बाईला आणि पुरुषाला दर सारखा, तर पाटलाच्या शेतात तिला कायम कमी. पुरुषाला शहरात किंवा दुसरीकडे बरा रोज मिळाला की तो निघून जाई, बाई राही. 'ज्यांना सर्वांत गरज आहे ते आपोआप येतात' या सिद्धांताचे उदाहरण म्हणून अर्थशास्त्रज्ञ ही योजना आजवर वापरत आले आहेत. मला तो सिद्धांत अर्धवट वाटतो. उन्हात खडी फोडणे हे इतके कष्टाचे, इतके कमी मोबदल्याचे ठेवायचे, की नाइलाज झालेलाच येईल, आणि मग आलेल्यांत बायका जास्त दिसल्या म्हणून योजनेची पाठ थोपटायची, यात कुठेतरी क्रौर्य आहे. कायद्यात पाळणाघर, सावली आणि पिण्याचे पाणी लिहिलेले होते. कागदावरचे पाळणाघर आणि मांडीशी असलेले तान्हे पोर यांतले अंतर मी वर्गात सांगितले, तेव्हा युगांडाची एक मैत्रीण म्हणाली, आमच्याकडेही असेच.

याच धड्यात आणखी एक भेद शिकवतात. मॅक्सीन मॉलिन्यू यांनी १९८५ मध्ये निकाराग्वावरच्या लेखात तो मांडला आणि कॅरोलिन मोझर यांनी १९८९ मध्ये त्याचे नियोजनाच्या हत्यारात रूपांतर केले. बाईच्या काही गरजा व्यावहारिक असतात: पाणी, रोज, पाळणाघर. त्या भागल्या तरी तिची जागा बदलत नाही. काही हितसंबंध मुळावर जाणारे असतात: जमिनीची मालकी, मारहाणीपासून मुक्तता, निर्णयात वाटा. भेद उपयुक्त आहे, पण प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत कसे मिसळतात हे पाहायचे तर शहाद्याला जावे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या (आता नंदुरबार) शहाद्यात १९७२ पासून भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती तिचे नेते. झगडा जमिनीसाठी आणि मजुरीसाठी होता. बायका पुढे आल्या आणि त्यांनी दारूचे मडके फोडायला सुरुवात केली, कारण वाढलेली मजुरी घरी पोचण्याआधी गुत्त्यावर संपत होती. मजुरी हा व्यावहारिक प्रश्न, नवऱ्याचा मार हा मुळावरचा. त्या बायांनी एकाच रात्री दोन्ही हाती घेतले. या चळवळीवर १९७६ मध्ये इंग्रजीत लेख लिहिला तो पुन्हा मारिया मीस यांनीच.

दुसरे उदाहरण सातबाऱ्याचे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय संस्थेची नोकरी सोडून १९७६ मध्ये परत गेले, हे आपल्यासारख्या परदेशस्थांना ठाऊक असते. त्यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली: नवऱ्याने आपल्या हयातीत काही जमीन बायकोच्या नावावर करून द्यायची, आणि ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. कायद्याचा बडगा नव्हता, मदत देणारी परदेशी संस्था नव्हती. भावाबरोबर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, सगळ्या देशात ती २००५ मध्ये आली. आपल्यापैकी कितीजणींनी गावाकडच्या जमिनीवरचे हक्कसोडपत्र भावाच्या प्रेमाखातर सही करून दिले आहे, हा प्रश्न मी स्नेहसंमेलनात विचारत नाही. जेवणाची मजा जाते.

इतकी सामग्री आपल्याकडून गेली, मग विद्या कोणाची? हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला तो मुंबईत १९५५ मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी. त्यांचा 'अंडर वेस्टर्न आइज' हा १९८० च्या दशकातला निबंध जगातल्या जवळजवळ प्रत्येक जेंडरच्या वर्गात वाचतात. पाश्चात्त्य अभ्यासकांच्या लिखाणात तिसऱ्या जगातली बाई म्हणजे एकच एक बिचारी मूर्ती असते, गरीब, अडाणी, परंपरेत जखडलेली, अशी त्यांची तक्रार. पण त्या सरसकट झोडपत नाहीत. स्थानिक परिस्थिती बारकाईने पाहणारे चांगले काम कसे असते, याचा दाखला म्हणून त्यांनी कोणाचे पुस्तक पुढे केले? मीसबाईंचे नरसापूरच्या लेसवालींवरचे. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि नजर उलटीही फिरली होती. पंडिता रमाबाई इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. तिथल्या स्त्रियांचे शिक्षण, काम, हक्क यांवर त्यात तपशीलवार लिहिले. ते मात्र परदेशी वाचनयादीत मला दिसले नाही.

मोहंतींच्या टीकेपलीकडची एक टीका पुण्यातून आली. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले, आता ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या शर्मिला रेगे यांनी दाखवून दिले, की 'भारतीय स्त्री' म्हणून जिच्याविषयी बोलले जाते ती बहुधा सवर्ण असते. खडी फोडणाऱ्या बायांत दलित, आदिवासी, भूमिहीन किती, हे मस्टरवर सरळ दिसत होते. जेंडरच्या परदेशी पाठ्यपुस्तकांत जात मात्र एखाद्या तळटीपेत. माझ्या वर्गातही जातीचा तास एकच होता. रेगे २०१३ मध्ये अकाली गेल्या.

आता नोकरी. १९७३ च्या त्या पर्सी दुरुस्तीने ज्या अमेरिकन मदत संस्थेत स्त्रियांचा विभाग उघडायला लावला, ती संस्थाच २०२५ मध्ये बंद करण्यात आली. ब्रिटनने मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणले आणि २०२७ पर्यंत ०.३ करण्याचे जाहीर केले. तेव्हा मोठ्या संस्थेत कायमची खुर्ची मिळेल म्हणून कोणी ही पदवी घेऊ नये. माझ्याबरोबर शिकलेल्या बायका आज सार्वजनिक आरोग्य, आकडेशास्त्र, कामगार संघटना, नगरपालिका अशा ठिकाणी आहेत. फी भरमसाट आहे हे खरे. हीच विद्या पुण्यात किंवा मुंबईत इथल्या फीच्या लहानशा अंशात मिळते, आणि एखादी मुलगी एक सत्र तिकडे काढून आली तर तिला मी अधिक शहाणी समजेन.

मोजण्याचे काम तर अजून चालूच आहे. देवकी जैन यांनी १९७० च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या सहा खेड्यांत बायकांचा दिवस तासातासाने नोंदवला होता. भारत सरकारने साऱ्या देशासाठी तसे सर्वेक्षण पहिल्यांदा केले २०१९ मध्ये: घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. पुण्याच्या केंद्रात हे सगळे मराठीतूनही शिकवता यावे म्हणून शब्द घडवावे लागले. 'जेंडर'साठी 'लिंगभाव' रुळला आहे. इंग्रजीतही तो शब्द मुळात व्याकरणातलाच, आणि व्याकरणात आपल्याकडे तर तीन लिंगे. त्या वर्गांत तालुक्याच्या गावांहून मुली येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या आज्यांची नावे त्या जुन्या मस्टरांवर आहेत.